काँक्रीट ओतण्याआधी : वर्धा जिल्ह्यातील रस्ते आणि कला

नागपूरहून सेलू मार्गे वर्ध्याला येताना पवनारला धाम नदीवरचा पूल लागतो. १९३८ साली आजारी विनोबांना घेऊन येणारी मोटार या नदीवरून जात होती, तेव्हा त्यांनी ‘मी सगळे सोडले’ अशा अर्थाचे संन्यासवचन तीनदा उच्चारले आणि पलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाजांच्या बंगल्यात ते राहायला गेले. हा प्रसंग आमच्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. मला मात्र त्यात एक साधी गोष्ट दिसत राहते. पूल ओलांडायला तेव्हा इतका वेळ लागत होता, की माणसाला एक निश्चय तीनदा बोलून दाखवता येत होता.

आज याच धामच्या खोऱ्यात येळाकेळीला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि आमच्या जिल्ह्यातली त्याची साठेक किलोमीटर लांबी अर्ध्या तासात संपते. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. बैलगाडी सेकंदाला मीटरभर जाते. एवढ्या वेगाने जाणाऱ्या डोळ्याला वाटेत काय दिसावे, याचा विचार कोणी केला आहे का? या प्रश्नाने मला गेली तीन वर्षे जुन्या गोष्टी धुंडाळायला लावले. त्या धुंडाळणीत जे हाती लागले, ते येथे मांडतो.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. आयटीआयमधून आरेखक झालो आणि पुढची पंचवीसेक वर्षे कंत्राटदारांकडे साइटवर काढली. सेंट्रिंगच्या प्लेटा, सळईची बांधणी, व्हायब्रेटरचा आवाज, ओली पोती टाकून दिलेले पाणी हे माझे शिक्षण. बाकीचे वाचन रात्रीचे. त्यामुळे कलेकडे मी पाहतो ते बांधकामाच्या बाजूने. एखादी कलाकृती समोर आली, की पहिला प्रश्न मनात येतो : ही बांधकामासोबत आली, की नंतर आणून लावली?

*

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर पवनारलाच सापडते. विनोबा आश्रमाच्या जागेत खोदकाम करत असताना जमिनीतून शिल्पे निघू लागली. त्यांतले राम-भरत भेटीचे शिल्प सर्वांना ठाऊक आहे. ही शिल्पे वाकाटककालीन आहेत, त्यांत रामायणातले प्रसंग आहेत आणि पवनार म्हणजेच दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे म. म. वा. वि. मिराशींनी मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर राजधानीच्या जागेबद्दल वाद झाला, तो अभ्यासकांनी खुशाल करावा. माझे लक्ष शिल्पाच्या पाठीकडे आणि कडांकडे जाते. हे फलक सुटे ठेवून बघण्यासाठी घडवलेले नाहीत. ते इमारतीचा भाग होते. भिंत रचली जात असताना त्यांची जागा ठरलेली होती, आणि वजन पेलण्याच्या कामात त्यांचाही वाटा होता. मंदिर गेले, भिंत गेली, पण दगडात कोरलेले होते म्हणून पंधराशे वर्षे मातीखाली राहूनही भरताची रामाला घातलेली मिठी सुटली नाही.

दुसरे उत्तर पवनारपासून फार दूर नाही. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. घर गावाच्या आसपास मिळणाऱ्या सामानाचे आणि पाचशे रुपयांच्या आत व्हावे, ही त्यांची अट प्रसिद्ध आहे. ज्या झोपडीला आज बापूकुटी म्हणतात, ती मुळात मीराबेनची. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने हाताने उठाव काढले आहेत : ताडाची झाडे, चरखा, ॐ. रंग नाही, चौकट नाही. ज्या मातीने भिंत लिंपली, तीच माती थोडी जास्त थापून चित्र झाले आहे. दुपार कलली, की दारातून तिरपे ऊन येते आणि उठावाच्या कडेला बारीक सावली पडते. तेवढ्यानेच चित्र दिसते. मी साइटवर असताना दहा वेळा पाहिले असेल, की सपाट भिंतीवरचे चित्र रंगाच्या पापुद्र्यावर जगते आणि पापुद्रा सुटला की मरते. मीराबेनच्या चित्राला सुटायला पापुद्राच नाही. त्याला फक्त भिंतीबरोबर लिंपणारा हात हवा, आणि मातीची भिंत तशीही दरवर्षी लिंपावीच लागते. देखभालीचा प्रश्न तिथे वेगळा उरत नाही.

तिसरे उत्तर गोपुरीतले गीताई मंदिर. १९८० साली विनोबांच्या हस्ते ते लोकांना खुले झाले. त्याला छत नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. गीताईचे अठराही अध्याय ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांवर कोरून त्या शिळा ओळीने रोवल्या आहेत आणि त्या ओळींची आखणी वरून पाहिली तर चरखा आणि गाय यांच्या आकाराची आहे. माझ्या दृष्टीने ही जिल्ह्यातली सर्वांत धीट रचना. येथे भिंत हेच पुस्तक आहे. वाचायचे तर शिळेसमोरून पावलापावलाने पुढे सरकावे लागते. वाचणाऱ्याचा वेग रचनाकाराने आधीच ठरवून टाकला आहे : चालणाऱ्या माणसाचा.

*

वेगाची ही गोष्ट मला नंदलाल बोस यांच्या कामात अधिक स्पष्ट झाली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते आपल्या खानदेशातल्या फैजपूरला. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलालांना बोलावले आणि बांबू, गवत, माती असे तिथले सामान घेऊनच काम करायला लावले. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठच्या हरिपुऱ्याला पुन्हा तीच जबाबदारी त्यांच्यावर आली. या वेळी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून चारशेच्या आसपास चित्रफलक केले. ढोलकी वाजवणारे, कुस्ती खेळणारे, धान्य कांडणाऱ्या बाया, सुतार, बैल. कागद हातचा, रंग मातीचे. ते फलक कमानींवर आणि मंडपांवर लावले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुताला तिकीट न काढता, दालनात न शिरता दिसावेत.

त्या चित्रांच्या छापील प्रती मी भिंग घेऊन पाहिल्या आणि नंतर पाच पावले मागे जाऊन पाहिल्या. मागून त्या जास्त चांगल्या दिसतात. जाड, एका दमात ओढलेली रेघ, सपाट रंग, एका फलकात एकच आकृती, तपशील जवळजवळ नाही. हे चित्रकाराला तपशील येत नव्हता म्हणून झालेले नाही, कारण नंदलालांची बारीक कामेही आपल्यासमोर आहेत. गर्दीत, धुळीत, चालता चालता बघणाऱ्या माणसासाठी काढलेले ते चित्र आहे. रस्त्यावरच्या कलेचा पहिला नियम यातून मी शिकलो : बघणारा किती वेगाने जाणार, हे ठरल्याशिवाय रेघेची जाडी ठरवता येत नाही.

आता हा नियम मोटारीला लावून पाहू. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला मीटरभर रुंदीचे चित्र सेकंदाच्या तेहतिसाव्या भागात मागे पडते. डोळ्यासमोर तीन सेकंद काही राहायला हवे असेल, तर ते शंभर मीटर लांब हवे, किंवा खूप दुरून दिसेल इतके उंच हवे. आपल्याकडे पुलांखाली वारकरी, किल्ले, स्वच्छतेचे संदेश रंगवले जातात. गल्लीतल्या वेगाला ते ठीक आहेत. महामार्गावर मात्र ते नुसते रंगीत डाग होतात. चूक चित्रकाराची नाही. त्याला भिंत मिळते ती सगळे बांधून झाल्यावर, उद्घाटनाच्या आठवडाभर आधी.

*

मोटारीच्या वेगासाठी कला घडवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मेक्सिको सिटीत झाला. १९६८च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या नव्या वर्तुळाकार महामार्गावर १७ किलोमीटर अंतरात १९ शिल्पे उभी राहिली. मथियास गोरिट्झ या शिल्पकाराने वेगवेगळ्या देशांतल्या कलावंतांना बोलावून ती करवून घेतली. साहित्य एकच, काँक्रीट. सगळी शिल्पे अमूर्त आणि प्रचंड, धावत्या मोटारीतून एका नजरेत मावतील अशी. या ‘मैत्रीच्या मार्गा’ची पुढची कथाही आपल्या कामाची आहे. खेळ संपले, वर्षे गेली, शहर वाढले. शिल्पांभोवती झोपड्या, जाहिरातींचे फलक आणि झुडपे आली. त्यांची डागडुजी करायला नागरिकांना संस्था काढावी लागली. पुढे त्याच महामार्गावर दुसरा मजला बांधायचे ठरले, तेव्हा अनेक शिल्पे मूळ जागेवरून हलवावी लागली. शिल्पे रस्त्याच्या शेजारी होती, रस्त्यात नव्हती, म्हणून रस्ता वाढला की त्यांनीच सरायचे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दुसरा मार्ग घेतला गेला. स्कॉट्सडेल भागातल्या पिमा फ्रीवेच्या भिंतींवर कॅरोलिन ब्राक्स्मा या कलावतीने त्या वाळवंटातले सरडे आणि निवडुंग अवाढव्य आकारात आणले. ते चिकटवलेले नाहीत, भिंतीच्या काँक्रीटमध्येच आहेत. आपल्याला एवढे लांब जायचीही गरज नाही. चंदीगडला ल कॉर्बुझिएने सेंट्रिंगमध्ये आकार बसवून काँक्रीटच्या भिंतींत चिन्हे उमटवली, त्याला आता साठ-सत्तर वर्षे झाली.

हे कसे होते, ते साइटवर काम केलेल्याला सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे सांगतो. काँक्रीट ओतायच्या आधी प्लेटांचा साचा उभा करतात. त्या साच्याला आतून रबराचा किंवा तशाच साहित्याचा नक्षीचा अस्तर लावला, तर प्लेट काढल्यावर भिंतीवर तीच नक्षी उलटी उठते. साच्यात खोल असलेले भिंतीवर वर येते, वर असलेले खोल जाते. उड्डाणपुलाच्या चढावर दोन्ही बाजूंना माती धरून ठेवणाऱ्या ज्या भिंती असतात, त्या कारखान्यात ओतलेल्या सारख्या मापाच्या फलकांच्या असतात. एकच साचा शेकडो वेळा वापरतात. म्हणजे अस्तर एकदा केला, की खर्च शेकडो फलकांत वाटला जातो.

काळजी दोनच गोष्टींची. सळईवर काँक्रीटचे जे आवरण असते, ते नक्षीच्या खोल भागातही पुरेसे उरले पाहिजे, नाहीतर पाणी सळईपर्यंत जाईल आणि गंज धरेल. म्हणून नक्षीची खोली मोजून भिंत तेवढी जाड धरायची. आणि दुभाजकाच्या किंवा कठड्याच्या ज्या बाजूला गाडी घासू शकते, तिथे उठाव नको. तिथला पृष्ठभाग गुळगुळीतच हवा, कारण घासलेली गाडी अडकून न उलटता सरकली पाहिजे. उरलेली जागा मोकळी आहे : धारक भिंती, वरून जाणाऱ्या पुलांचे टेकू, बोगद्यांची तोंडे.

उजेडाचाही हिशोब आहे. रस्ता पूर्व-पश्चिम असेल, तर उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला वर्षातला बराच काळ थेट ऊन मिळत नाही. तिथे उथळ नक्षी दिवसा दिसणारच नाही, ती खोल हवी. पण रात्री गाडीचे दिवे कडेच्या भिंतीवर तिरपे पडतात आणि बापूकुटीतल्या दुपारच्या उन्हासारखेच काम करतात : उठावाच्या कडेला सावली टाकतात. ही सावली गाडीबरोबर सरकते. रंगवलेल्या चित्राला हे जमत नाही.

*

एवढे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. रस्ता पोचण्यासाठी असतो, बघण्यासाठी नाही. मीही काही वर्षांपूर्वी असेच म्हटले असते.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. १ जुलै २०२३च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ माणसे गेली. त्यांत वर्ध्याहून बसलेले प्रवासी होते. त्या आठवड्यात आमच्या गावात अनेक घरांत चूल पेटली नाही. त्या अपघाताचे कारण मी येथे सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. भिंतीवर नक्षी असती तर तो टळला असता, असेही मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी या रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करताना नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी एक शब्द पुढे आणला : महामार्ग संमोहन. सरळ, रुंद, एकसारखा रस्ता. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, समोरून येणारे कोणी नाही. डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो.

माझा भाचा रात्री गाडी चालवतो, वर्धा ते मुंबई. त्याला मी हा शब्द सांगितला. तो म्हणाला, “मामाजी, झोप येत नाई. झोप आली तर समजते, गाडी बाजूला घेता येते. इथं तर रस्ताच डोळ्यात जाऊन बसते. किती दूर आलो तेच समजत नाई.”

किती दूर आलो ते समजणे, हे रस्त्यावरच्या खुणांचे सर्वांत जुने काम आहे. नागपूरचा झिरो माइल याच कामासाठी आहे. वालुकाश्माच्या त्या खांबापाशी गावांची अंतरे कोरलेली आहेत आणि शेजारी चार घोडे उभे आहेत. अंतर सांगायला घोड्यांची गरज नव्हती. पण माणसाच्या लक्षात घोडे राहतात. जुन्या वाटेवर हे काम केळझरच्या टेकडीने केले, पवनारच्या पुलाने केले, एखाद्या वडाने केले. नवा रस्ता मुद्दाम गावे टाळून गेला. गावांबरोबर खुणाही टळल्या आणि त्यांच्या जागी दुसरे काही ठेवायचे राहून गेले.

विशेष म्हणजे याच रस्ते बांधणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांचा विचार केलेला आहे. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटर. प्राण्याला काय दिसेल, कशाने तो बिचकेल, उजेड आणि आवाज किती, याचा अभ्यास झाला आणि नंतर कॅमेऱ्यांत वाघ त्या पुलांखालून जाताना दिसले. समृद्धीवरही प्राण्यांसाठी अशा रचना आहेत. वाघाच्या नजरेप्रमाणे काँक्रीटला आकार देता येतो, तर रात्री दोन वाजता एकट्याने गाडी चालवणाऱ्या माणसाच्या नजरेप्रमाणे का नाही?

सेवाग्रामला आता मोटारींच्या भंगारातून केलेले गांधीजी आणि विनोबांचे भव्य पुतळे आहेत, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मंडळींनी घडवलेले. ते बघायला लोक मुद्दाम जातात, फोटो काढतात. चांगले काम आहे. पण ते मुक्कामाचे काम आहे, वाटेचे नाही. वाटेच्या कामाला वेगळी शिस्त लागते आणि ती आमच्या जिल्ह्यात तीन ठिकाणी तयार आहे. पवनारची शिल्पे सांगतात, जागा बांधण्याआधी ठरवा. बापूकुटीची भिंत सांगते, भिंतीचेच साहित्य वापरा आणि देखभाल तिच्या रोजच्या देखभालीत मिसळा. गीताई मंदिर सांगते, बघणाऱ्याचा वेग धरून आखा.

याचा अर्थ महामार्गावर जागोजागी चरखे उठवावेत असा नाही. तसे झाले तर साठ किलोमीटरचे नवे संमोहन तयार होईल. मला हवा आहे तो बदल. पाच-सात किलोमीटरवर एखादी भिंत अशी, की आधीच्या भिंतीसारखी नाही. कापूस पिकणाऱ्या काळ्या रानातून जाताना एक, बोरच्या जंगलाच्या बाजूने दुसरी, नदी आली की तिसरी. भाच्याने घरी फोन करून ‘बोंडांची भिंत गेली’ असे म्हटले, की बहिणीला तो कुठे आहे ते कळावे. एवढेच.

समृद्धी आता बांधून झाली. तिच्या भिंतींत काही उमटवायची वेळ निघून गेली. पण रस्ते संपलेले नाहीत. आमच्या तालुक्यांतून आणखी रेषा आखल्या जातील, मोजणीचे खुंट पुन्हा शेतात येतील आणि नकाशे मंजुरीसाठी टेबलावर पसरले जातील. कलावंताला बोलवायचे असेल तर त्या टेबलाशी बोलवावे. साइटवर एकदा प्लेटा कसल्या, मिक्सर फिरू लागला आणि व्हायब्रेटर सुरू झाला, की त्यानंतर भिंतीला काही सांगता येत नाही. हे मला पुस्तकाने शिकवलेले नाही. पंचवीस वर्षे मी स्वतः त्या प्लेटा कसून घेतल्या आहेत, आणि एकदाही आत काही ठेवायचे मला सुचले नाही.